मोरे की भोरे

बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर आयएफएससी कोड असतो. अकरा जागांचा. पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटच्या सहा जागा शाखेच्या आणि मधली पाचवी जागा कायम शून्य. रिझर्व्ह बँकेने ती पुढच्या सोयीसाठी राखून ठेवली आहे. पण हे ठाऊक असलेला माणूस शोधायला सांगलीच्या मार्केट यार्डात गेलात तर दिवस जाईल. बाकी सगळे तिथे ओ वाचतात. वाचणारच. आधीची चार इंग्रजी अक्षरं, मग पाचवंही अक्षरच असणार, हा डोळ्यांचा सरळ हिशेब. आणि छापील अक्षरात ओ आणि शून्य यांच्यात फरक असलाच तर तो दोराभर.

माझं काम डीटीपीचं. विश्रामबागेत घराच्याच पुढच्या खोलीत संगणक, लेझर प्रिंटर आणि भिंतीला टेकवलेले कागदाचे गठ्ठे. बिलबुकं, लेटरहेड, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सभासदांच्या याद्या, बेदाण्याच्या बॉक्सची लेबलं, हळदीच्या पाकिटांवरचा मजकूर आणि हंगामात लग्नपत्रिका. छपाई ऑफसेटवाल्याकडे होते, अक्षरं बसवायची ती मी. या धंद्यात गिऱ्हाईक रंगावर भांडतं, लोगोच्या आकारावर भांडतं, गणपती डावीकडे हवा की मधोमध यावर तर हमखास भांडतं. अक्षरावर कुणी भांडत नाही. "ताई, जरा प्लेन, मॉडर्न कायतरी लावा की," एवढंच.

हे प्लेन, मॉडर्न म्हणजे सॅन्स-सेरिफ. इंग्रजी अक्षराच्या टोकांना ज्या बारीक आडव्या पट्ट्या असतात त्या सेरिफ, आणि त्या काढून टाकल्या की उरतं ते सॅन्स-सेरिफ. मोबाइलवर, दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या वेळापत्रकावर सगळीकडे हल्ली तेच. मला त्याचं वावडं नाही. बिलबुकात तर मी दुसरं काही लावतच नाही. पण सगळी प्लेन अक्षरं एका माळेचे मणी समजून यादीतलं पहिलं नाव निवडायचं, हे मला पटत नाही. पट्ट्या काढल्या की अक्षराचा भार जातो हे खरं, पण त्या पट्ट्यांवर काही अक्षरांची ओळख टिकून होती, ती कुठे गेली हेही बघायला नको का?

गिल सॅन्स हा १९२८ चा इंग्लंडचा फॉन्ट, आजही देखणा. त्यात कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एक हा आकडा शेजारी शेजारी टाइप करा. द्राक्षबागेत एका ओळीत तीन अँगल रोवलेत असं दिसेल. कुठला कोण, हे टाइप करणाऱ्यालाच माहीत, आणि दोन दिवसांनी त्यालाही नाही. गंमत म्हणजे हा फॉन्ट काढणारा एरिक गिल ज्याच्याकडे शिकला, त्या एडवर्ड जॉन्स्टनने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९१६ मध्ये जी अक्षरं काढली होती, त्यात स्मॉल एल ला खाली उजवीकडे वळलेली छोटी शेपटी होती. ती एवढीशी शेपटी सगळा गुंता सोडवत होती. गिलने ती ठेवली नाही. दिसायला आणखी साधं झालं, वाचायला अवघड.

मग १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधून हेल्वेटिका आला आणि १९८२ मध्ये एरियल. यांच्यात एक ला डोक्यावर निदान एक तिरका कोंब आहे, पण कॅपिटल आय आणि स्मॉल एल ही जुळी भावंडं तशीच. जगातली कितीतरी ऑफिसं या दोघांवर चालली, म्हणून तेच प्रमाण असं लोकांना वाटायला लागलं. या प्रश्नावर धीटपणे उत्तर दिलं ते मॅथ्यू कार्टरने. मायक्रोसॉफ्टसाठी त्याने पडद्यावर वाचायला म्हणून व्हर्डाना काढला, तो १९९६ मध्ये बाहेर आला. त्यात कॅपिटल आय ला वर आणि खाली आडव्या पट्ट्या आहेत. एक ला खाली पाट आहे. म्हणजे सॅन्स-सेरिफ म्हणायचं आणि एका अक्षराला सेरिफ ठेवायचे! शुद्धतावाद्यांना ते खटकलं तर खटको. मला मात्र तो फॉन्ट काढणाऱ्याने वाचणाऱ्याची बाजू घेतली असं वाटतं. व्हर्डाना रुंद आहे, जागा खातो, लेटरहेडवर गबाळा दिसतो, हे सगळं कबूल. तरी खाते क्रमांकांची यादी असली की मी अजूनही त्याच्याकडे वळते.

या घोळात टाइपरायटरचाही हात आहे. जुन्या इंग्रजी टाइपरायटरांपैकी कित्येकांवर एक ची कळच नसायची. टायपिस्ट बिनदिक्कत स्मॉल एल दाबायचा आणि कागदावर ते खपून जायचं. त्या मशिनवर बोटं बसलेली पिढी पुढे संगणकावर आली आणि तिथेही आकड्यांत एल घालू लागली. डोळ्याला बरोबर, एक्सेलला मात्र तो आकडा नव्हे. बेरीज येत नाही म्हणून डोकं धरून बसलेले दिवाणजी मी पाहिले आहेत.

एक गोष्ट मला फार उशिरा उमजली असं नाही, पण ती शब्दांत मांडायला वेळ लागला. वाचणारा माणूस अक्षरं वाचत नसतो, अंदाज बांधत असतो. शब्दाचा आकार, वाक्याचा रोख, आधीची ओळख यांच्या जोरावर डोळा पुढे धावतो आणि अडखळला तरच मागे येतो. बातमीत "सांगली" मधला ग पुसट झाला तरी कुणाचं काही अडत नाही. म्हणून कथा-कादंबरी कुठल्याही बऱ्या फॉन्टमध्ये वाचून होते. अंदाज जिथे चालत नाही तिथे फॉन्टचा कस लागतो. जीएसटी क्रमांक घ्या. पंधरा जागा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. मग दहा जागा पॅनच्या, त्यात अक्षरं आणि आकडे मिसळलेले. चौदाव्या जागी बहुधा झेड आणि शेवटी पडताळणीची खूण. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गावातल्या सगळ्यांना एकदम नवी बिलबुकं हवी झाली, आणि तो पंधरा जागांचा क्रमांक लोक मोबाइलवरच्या फोटोतून, व्हिजिटिंग कार्डावरून, कधी सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर लिहून आणायचे. झेड की दोन, एस की पाच, बी की आठ? मागचापुढचा शब्द नाही, अर्थ नाही. अक्षर स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर राहिलं. बरं, शेवटची पडताळणीची खूण एखादं अक्षर चुकलं तर ते पकडते, पण ती पोर्टलवर. माझ्याकडे छापून गेलेल्या बिलबुकाला पोर्टल माहीत नसतं.

औषधांच्या बाबतीत तर अंदाजाने वाचणं नकोच. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथल्या कामांत मिलिलिटर पदोपदी येतं. लिटरसाठी आधी स्मॉल एल हीच खूण होती. तो एक या आकड्यासारखा दिसतो, म्हणून वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९७९ मध्ये कॅपिटल एल लाही मान्यता दिली. एरवी मापाची खूण कॅपिटल होते ती माणसाच्या नावावरून आलेली असेल तरच, वॅटची होते, न्यूटनची होते. लिटर नावाचा कुणी शास्त्रज्ञ होऊन गेलेला नाही. तरी एका अक्षराच्या दिसण्यापायी एवढ्या काटेकोर मंडळींनी नियमाला मुरड घातली. फॉन्टचं काय घेऊन बसलात, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

इथपर्यंत सगळं इंग्रजीचं. आपल्याकडे काय वेगळं आहे? उलट जास्तच आहे.

एका पतसंस्थेचे सभासद जुनी छापील यादी घेऊन आले होते. काम दुसऱ्या कुणाचं, संस्थेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, यादी नाकाजवळ नेली आणि मग माझ्यापुढे ठेवली. "ताई, तुमीच सांगा, ह्ये मोरे हाय का भोरे? मी भोरे. आमच्यात मोरेबी हाईत, त्येच नावाचं. डिव्हिडंट कुणाच्या खात्यात जायचा?" मी भिंग लावून बघितलं. अक्षर भ होतं. पण भ च्या डाव्या खांद्यावरची घुंडी शाईने भरली होती आणि शिरोरेषेतली फट बुजली होती. भिंगाशिवाय तो म होता. यादीत पुढेमागे दोन्ही आडनावं होती, म्हणजे अंदाजाला वावच नाही. सांगली जिल्ह्यात मोरेही आहेत आणि भोरेही, आणि दोघेही पतसंस्थेचे सभासद असतात.

त्या भिंगाखाली मी नंतर बराच वेळ देवनागरी बघत बसले. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ. तिन्ही जोड्यांत फरक एकाच युक्तीचा, डाव्या अंगाला वर एक घुंडी आणि तिथे तुटलेली शिरोरेषा. प आणि ष, व आणि ब यांत दुसरी युक्ती, पोटातून गेलेली एक तिरकी रेघ. दहा अक्षरं, दोन युक्त्या. घुंडीचं छिद्र बुजलं आणि फट मिटली की पहिली युक्ती गेली. पोट भरलं की दुसरी गेली. शिवाय ड आणि ङ यांत एका टिंबाचा फरक, इ आणि ह घाईत एकमेकांत मिसळतात, आणि द्य हे जोडाक्षर नीट नाही बसलं तर घ ची सावली पडते. "विद्या" चं "विघा" झालेलं प्रूफ मी वर्षातून एकदा तरी बघते. इंग्रजीत आर आणि एन जवळ आले की एम दिसतो, आपल्याकडे र आणि व जवळ आले की ख दिसतो. हे दुखणं जुनं आहे. म्हणून तर लिपीसुधारणेच्या चर्चांमधून ख चे दोन भाग खालून जोडायचं ठरलं आणि तो जोडलेला ख आपण आता मुकाट्याने वापरतो. "खाना" आणि "रवाना" यांची ताटातूट करणारा तो सांधा.

घुंडी मुळात आली बोरूतून. तिरका कापलेला बोरू कागदावर टेकला की ठसठशीत सुरुवात होते, मग वळताना रेघ बारीक होते, परत उतरताना जाड. जाड-बारीकच्या या खेळामुळे घुंडीला छोट्याशा जागेतही मोकळीक मिळते, कारण तिची एक बाजू आपोआप बारीक येते. आता प्लेन, मॉडर्न देवनागरीत सगळ्या रेघा एका जाडीच्या. घुंडीलाही तीच जाडी. मग तिच्या मधलं छिद्र उरणार किती? पाटीवर फूटभर उंचीचं अक्षर असताना उत्तम उरतं. सात पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक मापात, रद्दी दर्जाच्या कागदावर, ऑफसेटची शाई थोडी पसरली की संपलं. इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स हा वर्तुळांवर बेतलेला फॉन्ट सध्या जिकडेतिकडे आहे, इन्स्टाग्रामच्या पोस्टपासून क्लासच्या फ्लेक्सपर्यंत. मोठ्या मथळ्यात मीही तो लावते, छान दिसतो. सभासद यादीत मात्र तो मी लावणार नाही. "एक टाइप" या संस्थेच्या मुक्ता फॉन्टमध्ये अक्षरांची पोटं मोकळी आहेत, रेघेला किंचित उतारचढाव आहे, म्हणून छोट्या मापात तो टिकतो. हे माझं मत. मापून काढलेलं नाही, छापून काढलेलं आहे.

अक्षर वाचता यावं म्हणून खटपट करणाऱ्यांची आपल्या भागाला तशी परंपराच आहे. मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता छापली गेली, ती सुटे खिळे जुळवून नव्हे, तांब्याच्या पत्र्यांवर पानंच्या पानं कोरून. कोरणाऱ्याच्या हाताखाली ध ची घुंडी किती मोठी ठेवायची हे त्याच्या छिन्नीवर होतं, कुठल्या कंपनीच्या फाइलवर नव्हतं. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपाने देवनागरीला जो घाट दिला तो पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोळ्यांत बसला. आणि मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की वाटेत लागणाऱ्या किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये मासिक सुरू केलं, तिथे अ ची बाराखडी बरीच वर्षं चालली. अि, अी, अु, अे असं. खिळे कमी लागावेत, जुळणी सोपी व्हावी हा हेतू. आज ते वाचताना मौज वाटते, पण त्यात एक बारीक गोष्ट होती. इ आणि ह यांचा गोंधळ तिथे मुळातच संपला होता, कारण इ च उरला नव्हता! ती पद्धत रुळली नाही हे बरं झालं की वाईट, यावर वाद घालायला मी तयार आहे, पण चहासोबत.

अक्षरांच्या भांडणात हल्ली ल आणि श पुढे असतात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये मात्र हिंदी वळणाचेच येतात. मला मराठी वळणच आवडतं, लग्नपत्रिकेत मी तेच शोधून लावते. पण हा प्रश्न आपलेपणाचा आहे. हिंदी वळणाचा ल बघून कुणी त्याला दुसरं अक्षर समजत नाही. मोरे-भोरेचं तसं नाही. तावातावाने ल साठी पत्रं लिहिणाऱ्यांनी थोडा ताव भ साठीही राखून ठेवावा.

बरं, मग निवडायचं कसं? माझ्याकडे एक ओळ आहे. घधमभयथपषवब, पुढे खरव, डङ, इह, द्यघद्धध्द, मग दर्यादऱ्या, मग आपले आकडे, त्यात १ आणि ९ शेजारी, ३ आणि ६ शेजारी. खाली इंग्रजीची वेगळी ओळ, त्यात सगळी संशयित मंडळी. नवा फॉन्ट आला की ही ओळ मी सात पॉइंटात छापते, त्या छपाईची झेरॉक्स काढते, झेरॉक्सची झेरॉक्स काढते आणि मोबाइलवर फोटो काढून स्वतःलाच पाठवते, म्हणजे व्हॉट्सअॅप त्याची आणखी वाट लावतं. गावात कागद असाच प्रवास करतो. मूळ पीडीएफ कुणी बघत नाही. मग तो कागद सासऱ्यांपुढे ठेवते. आप्पांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं पुढे ढकलणं चालू आहे. आप्पा ओळ मोठ्याने वाचतात. जिथे थांबतात तिथे मी खूण करते. "ही काय मंत्राची भाषा लिवलीयस?" असं ते दर खेपेला विचारतात, पण वाचतात नेमाने, कारण त्या ओळीत अंदाज चालत नाही आणि त्यांना ते आव्हान वाटतं.

इंग्रजीत अशा डोळ्यांसाठी मुद्दाम काढलेला फॉन्ट आहे. अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये अॅटकिन्सन हायपरलेजिबल तयार करवून घेतला. संस्थेचे संस्थापक रॉबर्ट अॅटकिन्सन, त्यांचं नाव त्याला दिलं आहे. कमी दिसणाऱ्यांना अक्षरं एकमेकांपासून वेगळी कळावीत हा त्याचा एकमेव उद्देश. शून्यावर तिरकी रेघ, स्मॉल एल ला शेपटी, कॅपिटल आय ला पट्ट्या. सगळी अक्षरं एका साच्यातली दिसावीत हा हट्टच सोडलेला. शिवाय फुकट. त्यात देवनागरी नाही. घुंडी आणि फट यांचाच विचार करून काढलेला, सात पॉइंटात झेरॉक्सची झेरॉक्स झाल्यावरही भ ला भ ठेवणारा देवनागरी फॉन्ट कुणी काढला तर मी पहिली गिऱ्हाईक.

गोंधळाचा धंदा करणारेही असतातच. आपल्याकडे बुलेटवर ४१४१ असा नंबर घेऊन त्यातून "दादा" वाचायला लावणारे दादा कमी नाहीत. ८०५५ चं इंग्रजीत "बॉस" करणारेही आहेत. नंबर मिळवायला पैसे मोजायचे आणि वर आकड्यांना वेलबुट्टी काढून तो वाचता येऊ नये याची तजवीज करायची. जर्मनीत उलटं केलं. तिथल्या नंबर प्लेटची अक्षरं मुद्दाम अशी काढली की काळी पट्टी चिकटवून एफ चा ई किंवा पी चा आर करता येऊ नये. दिसायला ती ओबडधोबड आहेत, पण एकाचं रूप दुसऱ्यावर जात नाही. सुंदर दिसणं हे त्या अक्षरांचं कामच नव्हतं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाल्यापासून दादांची पंचाईत झाली आहे. माझ्याकडे स्टिकर करून मागायला येतात, मी नाही म्हणते.

गेल्या हंगामात एका कोल्ड स्टोरेजचं लेबलांचं काम आलं. तासगाव रस्त्याला बेदाण्याची अशी स्टोरेजं पुष्कळ आहेत. बागायतदाराचा माल येतो, लॉट पडतो, बॉक्सवर लेबल लागतं आणि माल आत जातो तो सौद्यापर्यंत. लेबल थर्मल प्रिंटरवर निघतं. मिलिमीटरला आठ ठिपके एवढीच त्याची ऐपत. सात पॉइंटाच्या ध ला त्यात अंगासाठी जेमतेम दहा-अकरा ठिपके मिळतात, घुंडीच्या वाट्याला दोन-तीन येतात. तीन ठिपक्यांत छिद्र कसं काढणार? मी आत जाऊन बघितलं. दारातून आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. हमाल कानाला मफलर गुंडाळून, एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हाताने लेबलावरचं दव पुसत लॉट नंबर मोठ्याने ओरडतो आणि बाहेर दिवाणजी वहीत टिपतो. म्हणजे वाचायचं त्याने, ऐकायचं याने, आणि मध्ये कॉम्प्रेसरचा आवाज.

तिथे नाव मोठं होतं आणि लॉट नंबर कोपऱ्यात बारीक. मी उलटं केलं. बागायतदाराचं नाव मराठीत, जाड न करता, अक्षरांत जरा अंतर सोडून. जाड केलं की लोकांना वाटतं ठळक दिसेल, पण ठिपक्यांच्या प्रिंटरवर जाड म्हणजे बुजलेलं. लॉट नंबर इंग्रजीत, लेबलाच्या निम्म्या उंचीचा. आकडे उघड्या पोटाचे घेतले, म्हणजे तीनची आणि सहाची टोकं आत वळून मिटत नाहीत असे. पॅरिसच्या विमानतळाच्या पाट्यांसाठी आद्रियान फ्रुटिगरने १९७० च्या दशकात हेच केलं होतं, लांबून आणि तिरक्या नजरेनेही आठ आणि तीन वेगळे कळावेत म्हणून. तासगाव रस्त्यावरच्या बेदाण्याला पॅरिसची युक्ती चालते.

अडलं ते शून्यावर. लॉटच्या सुरुवातीला एक इंग्रजी अक्षर, पुढे आकडे अशी त्यांची पद्धत. ओ ची मालिका चालू झाली की ओ आणि शून्य शेजारी येणार. मी शून्यावर तिरकी रेघ असलेला आकडा लावून नमुना पाठवला. दुसऱ्या दिवशी दिवाणजींचा फोन. "मॅडम, हमाल म्हन्त्यात ह्यो आकडा काट मारल्याला हाय. त्यो सोडून वाचायलेत." त्यांचंही बरोबर होतं. उभ्या जन्मात वहीत रेघ मारलेला आकडा म्हणजे रद्द झालेला आकडा. मग मधोमध टिंब असलेलं शून्य पाठवलं. त्यावर उत्तर आलं की प्रिंटरचं हेड खराब झालंय का बघा, मधी ठिपका पडायलाय. मग अरुंद शून्य आणि रुंद ओ अशी जोडी करून दिली. ती शेजारी शेजारी असताना कळत होती. लेबलावर नुसता ओ एकटा आला की परत प्रश्न.

शेवटी मॅनेजरांना समोर बसवून सांगितलं, की साहेब, फॉन्टने होईल तेवढं झालं, आता अक्षरंच कमी करू. आरटीओ गाड्यांच्या मालिकेत आय आणि ओ वापरत नाही. गाडीच्या चासीवर जो सतरा जागांचा क्रमांक असतो त्यात आय, ओ आणि क्यू तिन्ही नाहीत. तुम्हीही गाळा. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ए पासून झेड लिहून काढलं, आय वर काट मारली, ओ वर मारली, जरा थांबून क्यू वर मारली. मग पेन हातातच ठेवून विचारलं, "झेड आणि दोनचं काय करायचं?"

"काढा."

"एस?"

"पाचसारखा दिसतो. काढा."

"बी?"

दिवाणजी दारातून म्हणाले, "आवो सायब, बी ची मालिका कालच चालू केली की."